मल्टिस्केल गिटार हाताने बनवताना: आराखडा, खाचा आणि ब्रिज यांचा नेमका क्रम

मल्टिस्केल गिटारमध्ये जाड तारा लांब आणि बारीक तारा आखूड असतात, म्हणून फ्रेट (फिंगरबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) पंख्यासारखे तिरपे बसतात. असा फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवायची फळी, बिघडला की दोष करवतीवर जातो. पातं सरकलं, लाकूड फार कडक होतं, हात थरथरला. पण माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या फळ्यांपैकी बहुतेकांच्या खाचा सरळ आणि स्वच्छ होत्या. त्या फक्त चुकीच्या जागी होत्या. मोजमाप तारेच्या रेषेवर घ्यायला हवं होतं आणि घेतलं होतं फळीच्या कडेवर. हे एवढं सांभाळलं तर बाकीचं काम नेहमीच्या गिटारइतकंच अवघड आहे. म्हणून या लेखात आराखड्याला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

उदाहरण म्हणून सहा तारांची, २२ फ्रेटची, भरीव बॉडीची आणि स्क्रूने जोडलेल्या नेकची (दांडीची) इलेक्ट्रिक गिटार घेतली आहे. पहिल्या मल्टिस्केलसाठी हीच घ्या. हिच्यात प्रत्येक तारेचं सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) स्वतंत्रपणे पुढे-मागे करता येतं. अकूस्टिकमध्ये ती सोय नसते.

आधी ठरवा, मग पेन्सिल उचला

दोन लांब्या: जाड (सहाव्या) तारेसाठी ६८० मिमी आणि बारीक (पहिल्या) तारेसाठी ६४८ मिमी. लांबी म्हणजे नटाच्या (डोक्याकडच्या तारांच्या टेकूच्या) पुढच्या कडेपासून सॅडलपर्यंत, तारेच्याच दिशेने मोजलेलं अंतर. दोन्हींत ३२ मिमीचा फरक आहे. पहिल्या वाद्यात याहून जास्त फरक घेऊ नका. तारेचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तीच तार त्याच स्वराला ६४८ ऐवजी ६८० मिमीवर लावली की ताण साधारण १० टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे जाड तारा किती जाडीच्या लावणार हे आताच ठरवा, कारण नटाच्या खाचा त्याच मापाने घासायच्या आहेत.

काटकोनी फ्रेट: पंख्यासारख्या पसरलेल्या फ्रेटमध्ये एक फ्रेट मध्यरेषेला अगदी काटकोनात असतो. मी सातवा घेतो. हा फ्रेट बॉडीकडे सरकवला की नट जास्त तिरपा होतो आणि ब्रिजचा तिरपेपणा कमी होतो. बारावा काटकोनी ठेवला तर नटापाशी दोन टोकांत १६ मिमीचा फरक पडतो आणि पहिल्या तीन फ्रेटांवरचे कॉर्ड धरताना मनगट वळवावं लागतं. सातव्याने हाच फरक १०.६४ मिमीवर येतो.

रुंदी: नटापाशी बाहेरच्या दोन तारांमध्ये ३६ मिमी, फळीची रुंदी ४२ मिमी, म्हणजे दोन्ही बाजूंना ३ मिमी मोकळी कड. ब्रिजपाशी बाहेरच्या दोन तारांमध्ये ५२ मिमी.

ही मापं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कामाच्या टेबलासमोर लावा. अर्ध्या कामात कुणी तरी ‘नववा काटकोनी जास्त बरा’ असं सांगेल. तेव्हा मन बदलू नका. ते पुढच्या गिटारला करा.

टप्पा १ : पूर्ण मापाचा आराखडा

जाड, न ताणणारा कागद किंवा पातळ प्लायवुड घ्या. लांबी किमान ८०० मिमी हवी. क्रम असा:

१. मधोमध एक बारीक मध्यरेषा काढा. तिला काटकोनात एक रेषा मारा. हा तुमचा सातवा फ्रेट. पुढचं सगळं या दोन रेषांवर उभं आहे, म्हणून काटकोन गुण्या दोन्ही बाजूंनी उलटवून तपासा.

२. सातव्या फ्रेटपासून मध्यरेषेवर नटाकडे २२०.८ मिमी आणि ब्रिजकडे ४४३.२ मिमी खुणा करा. पहिल्या खुणेपाशी मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १८-१८ मिमी आणि दुसऱ्या खुणेपाशी २६-२६ मिमी मोजा. एकाच बाजूचे दोन बिंदू सरळ पट्टीने जोडा. या बाहेरच्या दोन तारांच्या रेषा. इथून पुढे मोजमाप फक्त यांच्यावर.

३. जाड तारेच्या रेषेवर सातव्या फ्रेटपासून मागे (नटाकडे) २२६.१५ मिमी आणि पुढे (ब्रिजकडे) ४५३.८५ मिमी खुणा करा. बारीक तारेच्या रेषेवर मागे २१५.५१ आणि पुढे ४३२.४९ मिमी. मागच्या दोन खुणा जोडल्या की नट मिळतो, पुढच्या दोन जोडल्या की सॅडलची मूळ रेषा. नटापाशी १०.६४ आणि सॅडलपाशी २१.३६ मिमीचा तिरपेपणा येतो. त्यांची बेरीज बरोबर ३२ यायला हवी. येत नसेल तर पुढे जाऊ नका.

४. आता फ्रेट. प्रत्येक फ्रेटचं नटापासूनचं अंतर त्या त्या तारेच्या लांबीवरून काढायचं. उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागलं की पुढच्या फ्रेटचं अंतर मिळतं. पण हे भागाकार कॅल्क्युलेटरवर करून बेरजा आधीच मांडून ठेवा. कागदावर प्रत्येक खूण नटापासूनच मोजायची. पट्टी एकदा नटावर टेकवली की शेवटच्या फ्रेटपर्यंत हलवायची नाही.

ताळा पाहण्यासाठी काही आकडे, नटापासून तारेच्या रेषेवर, मिमीमध्ये:

पहिला फ्रेट: जाड ३८.१७, बारीक ३६.३७
तिसरा: १०८.१९ आणि १०३.१०
पाचवा: १७०.५८ आणि १६२.५५
बारावा: ३४०.०० आणि ३२४.००
एकोणिसावा: ४५३.०८ आणि ४३१.७६
बाविसावा: ४८९.१८ आणि ४६६.१६

५. दोन्ही रेषांवरचे एकाच क्रमांकाचे बिंदू जोडा आणि रेषा दोन्ही बाजूंना फळीच्या कडेबाहेर किमान १५ मिमी वाढवा. जोडण्याआधी प्रत्येक बिंदूशेजारी क्रमांक लिहा. चौदावा बिंदू पंधराव्याशी जोडला जाणं ही ऐकायला अशक्य वाटणारी चूक आहे, पण वरच्या फ्रेटांत अंतरं १५-२० मिमीवर येतात आणि सगळ्या रेषा तिरप्या असतात. दमलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही.

सावध: फळीच्या कडेवर ६८० आणि ६४८ मोजून फ्रेट काढले तरी फ्रेटांचं आपापसातलं प्रमाण बरोबर राहतं. चूक लपते ती यामुळेच. खरी गडबड ब्रिज लावताना होते. कडेवर ६८० असेल तर ३ मिमी आत असलेल्या जाड तारेखाली फ्रेट प्रत्यक्षात सुमारे ६७८ मिमीच्या हिशेबाने बसलेले असतात, आणि आपण सॅडल ६८० वर लावतो. बारीक तारेला हेच उलट्या दिशेने होतं. मग दोन मिमीची भरपाई शोधत माणूस आठवडाभर सॅडलचे स्क्रू फिरवत बसतो.

तपासणी: मधल्या एखाद्या तारेवर खात्री करा. नटावर आणि सॅडलच्या रेषेवर बाहेरच्या तारांमधल्या अंतराचे पाच समान भाग करून तिसऱ्या तारेच्या जागी बारीक दोरा ताणा. तिची लांबी ६६०.८ मिमी यायला हवी, आणि बारावा फ्रेट दोऱ्याला बरोबर मध्यावर, ३३०.४ मिमीवर छेदायला हवा. बाहेरच्या दोन रेषा बरोबर असतील तर मधल्या तारा आपोआप बरोबर येतात. मल्टिस्केलच्या भूमितीची ही मोठी कृपा आहे.

टप्पा २ : संगणकावरून छापणार असाल तर

फ्रेटफाइंड टूडीसारखी मोफत साधनं हे सगळं आकडेमोडीसह काढून देतात. जरूर वापरा. पण त्यात मोजमाप तारेवर घेतलं आहे की कडेवर हे थांबून तपासा, आणि छपाई ‘पानात मावेल अशी’ न करता खऱ्या मापात करा.

माझ्या एका फळीवर तेरा खाचा मारून झाल्यावर सहज पोलादी पट्टी लावली, तर ३४० च्या जागी ३३८.६ मिमी. छपाई अर्ध्या टक्क्याहूनही कमी आकसली होती. डोळ्याला काहीच कळत नव्हतं. ती फळी वाया गेली. तेव्हापासून कागद हातात आला की पहिलं काम ठरलेलं: नट ते बारावा फ्रेट दोन्ही तारांवर मोजायचं, आणि रुंदीसुद्धा मोजायची. प्रिंटर लांबी आणि रुंदी वेगवेगळ्या प्रमाणात चुकवू शकतो. पानं जोडून केलेल्या आराखड्यात प्रत्येक जोडावर मध्यरेषा पट्टीने पाहा.

टप्पा ३ : फळी

शिसवी, आबनूस किंवा दुसरं कोणतंही कडक, घट्ट रेषांचं लाकूड चालेल. टोकाकडून पाहिल्यावर वलयांच्या रेषा उभ्या दिसणारी फळी निवडा. अशी फळी हवामानासोबत कमी वाकते. माप ५३० × ७० × ७ मिमी घ्या. नेहमीच्या गिटारपेक्षा रुंदी जास्त घेतली आहे, कारण तिरप्या रेषा कडेपर्यंत वाढवायला जागा लागते.

आणल्या आणल्या कापू नका. जिथे काम करणार त्याच खोलीत दोन-तीन आठवडे, सगळ्या बाजूंनी हवा लागेल अशी ठेवा. हवेतली आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर उत्तम. मग रंधा मारून खालची बाजू अगदी सपाट करा, वरची तिला समांतर करा आणि एक लांब कड सरळ करा.

फळी या टप्प्यावर निमुळती करायची नाही. सरळ कडा असेपर्यंत ती पक्की धरता येते आणि क्लॅम्प घट्ट बसतात.

टप्पा ४ : रेषा लाकडावर उतरवणं

आराखड्याची प्रत फळीवर चिकटवा. पाण्याचा अंश असलेला गोंद वापरू नका, कागद फुगतो आणि लांबतो. पातळ दुतर्फी टेप किंवा स्प्रेचा चिकट थर ठीक. चिकटवल्यावर नट ते बारावा पुन्हा मोजा. कागद चिकटवतानाही ओढला जातो.

आता मार्किंग नाइफ आणि पोलादी पट्टी. प्रत्येक रेषेवर आधी हलका, मग जरा जोराचा असे दोन-तीन घाव घाला, म्हणजे कागदातून लाकडावर रेघ उमटेल. चाकूचं पातं ज्या बाजूने सपाट आहे ती बाजू पट्टीला टेकलेली असू द्या. नटाची रेघही अशीच मारा. सातव्या फ्रेटपाशी गुण्या लावून तो मध्यरेषेला काटकोनात आहे हे पुन्हा पाहा.

टप्पा ५ : खाचा पाडणं

बाजारात मिळणाऱ्या फ्रेटच्या खाचांच्या पेट्या काटकोनात करवत चालवण्यासाठी असतात. इथे एकच खाच काटकोनी आहे, बाकी प्रत्येकीचा कोन वेगळा. त्यामुळे कडक लाकडाचा एक ठोकळा लागेल: ४० मिमी उंच, १२० मिमी लांब, एक बाजू तळाला बिनचूक काटकोनात. तो रेघेला लावून क्लॅम्प करायचा आणि करवतीचं पातं त्याला चिकटवून चालवायचं. ठोकळ्यात छोटे चुंबक बसवले तर पातं आपणहून टेकून राहतं.

करवतीची रुंदी: साध्या फ्रेटच्या तारेचा (फ्रेट ज्या धातूच्या तारेतून कापतात तिचा) खालचा दांडा सुमारे ०.५ मिमी जाड असतो, त्यावर बारीक दाते. त्याला ०.५८ मिमीची खाच लागते. नक्की कसं बसतं हे त्याच लाकडाच्या तुकड्यावर पाहा. फ्रेट बोटाने दाबून आत गेला तर खाच सैल आहे. हातोडीनेही अडून बसला तर घट्ट. घट्टपणाचा त्रास एका खाचेत जाणवत नाही, पण अशा २२ खाचांमध्ये फ्रेट ठोकले की प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा काम करतो आणि अख्खा नेक पाठीमागे वाकतो.

खोली: ही खाच अजून सपाट फळीत पडते आहे. पुढे फळीला गोलाई देताना कडा खाली उतरणार. ३०५ मिमी त्रिज्येच्या गोलाईत शेवटच्या फ्रेटांपाशी कडा साधारण १.२ मिमी खाली जातात. दांडा १.६ मिमीचा असेल तर आता खाच किमान ३.१ ते ३.२ मिमी खोल हवी. पात्यावर तेवढ्या उंचीला लाकडी पट्टी लावून अटकाव करा. फळीचा गोलाईनंतर उरणारा तळ विचारात घ्या आणि याहून खोल जाऊ नका, नाहीतर नेक दुबळा होतो.

हाताने करताना असं करा. पहिले चार-पाच हात फक्त मागे ओढायचे, वजन न देता, नुसतं पात्याचं. चाकूच्या रेघेत पातं बसलं की आवाज बदलतो. खरखर कमी होते आणि एकसारखा, जरा खोल सूर येतो. तो येईपर्यंत पुढे ढकलू नका. शिसवीचा भुसा जांभळट येत राहतो आणि खाचेत साचतो. दर दहा-बारा हातांनी ब्रशने काढा, नाहीतर पातं भुशावर तरंगतं आणि खोली पुरी झाल्यासारखी वाटते. कडक लाकडाच्या या भुशाने अनेकांना खाज आणि दम्यासारखा त्रास होतो. मास्क लावूनच बसा.

ठोकळा रेघेच्या कायम एकाच बाजूला ठेवा. पात्याच्या अर्ध्या जाडीइतकी सगळ्या खाचांची जागा एकाच दिशेला सरकली तर आपापसातलं अंतर बिघडत नाही. कधी या बाजूला, कधी त्या बाजूला केलं तर बिघडतं. नटाची रेघही त्याच करवतीने, ठोकळा त्याच बाजूला ठेवून कापा.

तपासणी: सगळ्या खाचा झाल्यावर कागद काढण्याआधी पोलादी पट्टी नटावर ठेवून दोन्ही तारांच्या रेषांवर सगळे आकडे वाचा. ०.२ मिमीपर्यंतचा फरक चालून जातो. एखादी खाच अर्धा मिमी चुकली असेल तर त्याच लाकडाची पातळ पट्टी गोंद लावून खाचेत ठोका, एक दिवस सुकू द्या, सपाट करा आणि पुन्हा कापा. हे आत्ता सोपं आहे. फ्रेट बसल्यावर नाही.

टप्पा ६ : निमुळती करणं आणि नेकवर चिकटवणं

आता कडा आराखड्याप्रमाणे कापा, तारेच्या रेषेबाहेर ३ मिमी ठेवून. नटाकडचा जादा भाग नटाच्या खाचेवरूनच तोडा. त्यामुळे नट खाचेच्या फ्रेटाकडच्या कडेला बसेल, म्हणजे पाव-एक मिमी पुढे. हे नुकसानीचं नाही. पहिल्या फ्रेटवर दाबलेली तार थोडी चढी लागते, तिला याचा उपयोगच होतो.

नेकच्या बाबतीत एक गैरसमज वारंवार दिसतो. फ्रेट तिरपे म्हणून लोक नेकची टाच (बॉडीत बसणारं टोक) आणि बॉडीतला खड्डाही तिरपा कापतात. तसं करू नका. टाच मध्यरेषेला काटकोनातच राहते. तिरपे फक्त नट, फ्रेट आणि ब्रिज. ट्रस रॉडची (नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या सळईची) खाचसुद्धा नेहमीसारखी मध्यरेषेवर सरळ. फक्त रॉडची चावी डोक्याकडून लावायची असेल तर तिरपा नट तिच्या वाटेत येत नाही ना, हे चावी प्रत्यक्ष घालून पाहा. जाड बाजूला नट डोक्याकडे सरकलेला असतो, म्हणून त्या बाजूची पहिली खुंटी नटाच्या फार जवळ येणार नाही अशी आखा.

चिकटवताना ओला गोंद वंगणासारखा वागतो आणि क्लॅम्प आवळताच फळी घसरते. पहिल्या आणि पंधराव्या खाचेच्या तळातून दोन बारीक खिळे नेकमध्ये आधीच ठोकून बघा, काढा, गोंद लावा आणि पुन्हा त्याच भोकांत बसवा. भोकं पुढे फ्रेटखाली झाकली जातात. ट्रस रॉडवर पातळ टेप लावा, म्हणजे गोंद आत जाणार नाही. गोंदाच्या ओलाव्याने नेक एक-दोन दिवस थोडा वाकतो. क्लॅम्प काढल्यावर तीन-चार दिवस थांबा, मगच पुढचं काम.

टप्पा ७ : गोलाई

ट्रस रॉड ढिला ठेवा आणि नेक सरळ आहे हे पट्टीने पाहा. गोलाईचा ठोकळा नेहमी मध्यरेषेच्या दिशेने चालवायचा. फ्रेटांच्या तिरप्या रेषा पाहून हातही तिरपा चालायला लागतो. तसं झालं तर गोलाई पिळवटते. मध्यरेषा पेन्सिलने ठळक करून ठेवली की नजर तिच्यावर राहते.

घासून झाल्यावर प्रत्येक खाचेची खोली कडेपाशी मोजा. कमी पडली तर आत्ताच करवत फिरवा. मग तिकोनी कानशीने खाचेच्या वरच्या कडा अगदी हलक्या मोडा. पुढे कधी फ्रेट काढावा लागला तर लाकडाचे कपचे निघणार नाहीत.

टप्पा ८ : फ्रेट ठोकणं

गोल फळीला तिरपा छेद दिला की छेद किंचित चपटा होतो. पहिल्या फ्रेटचा तिरपेपणा सुमारे १३.५ अंश आहे. तिथे ३०५ मिमीची गोलाई फ्रेटच्या दिशेने ३२३ मिमीच्या आसपास वाटते. काटकोनी सातव्यापाशी ती पुन्हा ३०५. त्यामुळे एकाच त्रिज्येच्या दाबपट्टीने सगळे फ्रेट दाबले तर काही नीट बसत नाहीत. इथे हातोडीच बरी. फ्रेटची तार फळीपेक्षा जरा जास्त वाकवून घ्या, दोन्ही टोकं आधी ठोका, मग मध्याकडे या. दोन्ही टोकं पकडली गेली की मधला भाग बसताना ती आपोआप बाहेर रेटली जातात आणि घट्ट धरतात.

फ्रेट कापताना दोन्ही बाजूंना ३ मिमी जादा ठेवा. तिरप्या फ्रेटची लांबी फळीच्या रुंदीपेक्षा जास्त असते, आणि सातव्याच्या मापाने पहिला कापला तर तो तोकडा पडतो.

टोकं घासताना कानस फळीच्या कडेला समांतर चालवा. तिरप्या फ्रेटच्या प्रत्येक टोकाला एक कोपरा बोथट असतो आणि एक टोकदार. टोकदार कोपरा तळव्याला टोचतो. तो वेगळा, लहान कानशीने, बाकीच्या कडेला धक्का न लावता मोडावा लागतो. बावीस फ्रेट, चव्वेचाळीस कोपरे. हे काम दुसऱ्या दिवसासाठी ठेवा आणि दिवसाउजेडी करा.

सपाट करणं: फ्रेटच्या माथ्यांवर मार्करची शाई लावा आणि लांब सपाट पट्टीवर बारीक पॉलिश पेपर लावून घासा. पट्टी तारांच्या दिशेने चालवा, प्रत्येक तारेच्या रेषेवर वेगळी. फ्रेटचा उंचसखलपणा तपासण्याची छोटी पट्टीही तारेच्या दिशेनेच टेकवा. फ्रेटला काटकोनात धरली तर ती भलत्याच तीन बिंदूंवर टेकते आणि चांगला फ्रेट उंच दाखवते.

टप्पा ९ : नट

तारांमधलं ३६ मिमीचं अंतर मध्यरेषेला काटकोनात मोजलेलं आहे. तिरप्या नटाच्या अंगावर तेच अंतर ३७.५ मिमी होतं. नटाची एकूण लांबी ४२ ऐवजी ४३.८. तयार नट घेऊन बसवला की दोन्ही बाहेरच्या तारा आत सरकतात. नट हाताने बनवा.

खाचा कानशीने घासताना कानस तारेच्या दिशेने धरा. नटाच्या समोरच्या बाजूला काटकोनात नव्हे. खाच खुंटीकडे किंचित उतरती असावी आणि तार नटाच्या फ्रेटाकडच्या कडेवरच सुटावी. ती मागेच कुठे तरी टेकली तर सगळी मोजमापं तेवढ्याने लांबतात आणि तार झणझणते.

टप्पा १० : ब्रिजची जागा

ब्रिजची भोकं सगळ्यात शेवटी. नेक बॉडीला घट्ट बसवल्यावर बाहेरच्या दोन्ही तारांच्या जागी नटातून बारीक दोरे ताणा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना फळीची कड सारखी उरते का पाहा. मग दोऱ्यावर नटापासून ६८० आणि ६४८ मिमी मोजा. आराखड्यावरून नाही, प्रत्यक्ष नटाच्या पुढच्या कडेपासून.

सॅडल या मूळ बिंदूच्या पुढे (नटाकडे) फारसं कधी जात नाही, मागे (नटापासून दूर) जातं. दाबल्याने तार ताणली जाते, तिची भरपाई म्हणून लांबी वाढवावी लागते. बारीक तारेला साधारण २ मिमी, जाड तारेला ४ मिमीच्या आसपास. म्हणून प्रत्येक तारेचा स्वतंत्र ब्रिज असा बसवा की सॅडल पुढे आणायला दोन-तीन मिमीच जागा राहील आणि मागे जायला भरपूर. पिकअपचे चुंबक तारांखाली येतात का हेही दोरे ताणलेले असतानाच पाहून घ्या.

अकूस्टिकमध्ये हीच भरपाई सॅडलच्या खाचेच्या तिरपेपणात आधीच मिळवावी लागते. नंतर सुधारायला जागा नसते. तिथे ब्रिज चिकटवण्याआधी दोऱ्यांऐवजी खऱ्या बाहेरच्या तारा लावून, तात्पुरत्या सॅडलवर स्वर तपासा.

टप्पा ११ : तारा आणि स्वर

तारा चढवून, स्वरात आणून एक रात्र ठेवा. नंतर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, शेवटचा फ्रेट दाबा आणि सातव्यापाशी तारेखालची फट पाहा. ०.२ ते ०.२५ मिमी हवी. दोन्ही बाहेरच्या तारांखाली वेगवेगळी पाहा. ट्रस रॉड एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त फिरवू नका. मग बाराव्या फ्रेटवर तारेची उंची जाड बाजूला २ मिमी आणि बारीक बाजूला १.६ मिमीच्या आसपास आणा.

आता बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. प्रत्येक बदलानंतर तार पुन्हा स्वरात लावायची. जुळत नसेल तर चूक कुठे आहे हे बेसुरेपणाची जागाच सांगते:

सगळ्या तारा पहिल्या तीन फ्रेटांवरच चढ्या लागतात: नटाच्या खाचा उंच राहिल्या आहेत. एका वेळी एक-दोन हात घासा, पुन्हा तपासा.

बारावा जुळतो, पण सगळ्या तारा एकाच फ्रेटवर बेसूर: ती खाच चुकली आहे.

एकच फ्रेट जाड बाजूला बरोबर आणि बारीक बाजूला चुकीचा: खाच योग्य जागी सुरू झाली पण कोन चुकला. मल्टिस्केलमध्ये हे सर्रास होतं.

सॅडल शेवटापर्यंत नेऊनही बारावा जुळत नाही: ब्रिज चुकीच्या ठिकाणी आहे, किंवा मोजमाप कडेवरून झालं आहे. आराखडा काढून पहिल्या टप्प्यातली दोऱ्याची तपासणी पुन्हा करा.

दोन-तीन आठवड्यांनी, लाकूड तारांच्या ताणाला सरावल्यावर, नेकची फट आणि बाराव्याचे स्वर पुन्हा एकदा पाहा. त्या वेळी सॅडल अर्धा-पाऊण मिमी हलवावं लागतं. जाड बाजूचं जरा जास्तच.